मिठाचा हिशेब

'सॉसेज' हा शब्द मिठातून आला आहे. लॅटिन भाषेत 'साल' म्हणजे मीठ आणि 'साल्सुस' म्हणजे खारवलेले. त्यावरून 'साल्सिसिया' हा शब्द झाला आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत येईपर्यंत त्याचे 'सॉसेज' झाले. लॅटिनमध्ये याच पदार्थाला आणखी एक नाव होते, 'बोटुलुस'. त्यावरून 'बोट्युलिझम' हे एका जीवघेण्या विषबाधेचे नाव पडले. पदार्थ एक, नावे दोन. एका नावाच्या मुळाशी मीठ आहे, तर दुसऱ्यातून विषाचे नाव निघाले. या दोन नावांमध्ये जे अंतर आहे, ते माणसाने कशाच्या आधारे राखले, हा या लेखाचा विषय आहे.

मी अन्नशास्त्राचा पदवीधर नाही. आयुष्य पतसंस्थेतल्या खतावण्या लिहिण्यात गेले. पण पावसाळ्यासाठी साठवायच्या पदार्थांचा नाद तरुणपणी लागला तो सुटला नाही. लोणची, खारवलेले मासे, सांडगे, सुकट यांच्या मागे फिरता फिरता मी गोव्यातल्या चोरीसपाशी पोचलो, आणि तिथून सॉसेजच्या जगभरच्या गोतावळ्यात. पुस्तके मिळतील तशी वाचली, वजनकाटा आणि तापमापक घेऊन स्वयंपाकघरात बसलो. हिशेबनिसाची सवय म्हणून प्रत्येक पाककृतीत मी आधी एकच आकडा शोधतो : मीठ किती?

वाचकांपैकी अनेक जण डुकराचे मांस खात नसतील, कित्येक तर शाकाहारी असतील. त्यांनाही हा हिशेब परका वाटू नये. कैरीच्या लोणच्यात मीठ कमी पडले तर श्रावणात बरणीवर काय येते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. सॉसेज म्हणजे मांसाचे लोणचेच. मात्र कैरी स्वतःच आंबट असते, मांस तसे नसते. त्यामुळे इथे चुकीला जागा कमी आहे.

उद्या खायचे की चार महिन्यांनी?

सॉसेज म्हटले की डोळ्यांपुढे आतड्यात भरलेली नळी येते. खरे तर आतडे हा त्याचा आवश्यक भाग नाही. बारीक केलेले मांस, त्यात ठरावीक चरबी, मीठ आणि मसाला, एवढे जमले की सॉसेज झाले. ते आतड्यात भरा, नाहीतर टिक्कीसारखे थापून तव्यावर टाका. अमेरिकेत सकाळच्या न्याहारीला अंड्याबरोबर जी चपटी सॉसेज पॅटी खातात, ती अशी आतड्याविना असते.

ही दोन रूपे फार जुनी आहेत. 'अपिकिउस' या नावाने ओळखला जाणारा, साधारण चौथ्या-पाचव्या शतकात संकलित झालेला रोमन पाककृतींचा ग्रंथ आहे. त्यात दोन्ही सापडतात. एक 'लुकानिका' : मिरे, जिरे, काही पाने आणि माशांपासून केलेले खारे कालवण घालून कुटलेले मांस, भरपूर चरबी आणि अख्खे मिरे. हे सारे आतड्यात भरून धुरात टांगायचे. दुसरे 'इसिकिया ओमेंताता' : मांसाचा खिमा, वाइनमध्ये भिजवलेला पाव, मिरे आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून केलेल्या लहान वड्या. त्या आतड्यात भरायच्या नाहीत, पोटातल्या जाळीदार चरबीत गुंडाळून भाजायच्या आणि लगेच वाढायच्या.

मसाले जवळपास सारखे, पण हेतू निराळा. पहिला पदार्थ ठेवण्यासाठी, दुसरा आजच्या जेवणासाठी. माझ्या मते सॉसेजची प्रत्येक पाककृती वाचताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे : हे किती दिवस टिकवायचे आहे? मिठाचे प्रमाण, आंबटपणा, आतडे, ऊन, धूर ही सगळी त्या एका प्रश्नाची उत्तरे आहेत. फ्रीज आल्यापासून हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि उत्तरे मात्र 'चव' म्हणून शिल्लक राहिली आहेत. धोका तिथेच आहे. त्याकडे येण्याआधी सोपे रूप पाहू.

पॅटी : मीठ चिकटवते

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतघरांत डुकरे मारण्याचा हंगाम पहिली कडक थंडी पडल्यावर येई. थंडी हाच त्यांचा फ्रीज होता. मांड्या खारवून टांगल्या जात आणि उरलेल्या तुकड्यांचे ताजे सॉसेज होई. त्याची ओळख पटवणारा मसाला म्हणजे सेज. ही तुळशीच्याच कुळातली, राखाडी-हिरव्या खरबरीत पानांची वनस्पती आहे. सुकलेले सेज, मिरे, थोडी लाल मिरची आणि मीठ, बस्स. पॅट्या तळून, मातीच्या भांड्यात रचून, वर वितळलेली चरबी ओतून काही काळ ठेवण्याचीही रीत होती. पण ती थंड हवेची रीत होती. आपल्या हवेत तिचे अनुकरण करू नये.

घरी ही पॅटी करायची तर १ किलोचे प्रमाण असे धरावे. खांद्याचे मांस ७०० ते ७५० ग्रॅम आणि पाठीची घट्ट चरबी २५० ते ३०० ग्रॅम. चरबी कमी केली की पॅटी कोरडी आणि भुसभुशीत होते. 'प्रकृतीला बरे' म्हणून चरबी काढून टाकली तर उरतो तो नुसता खिमा. मीठ १६ ग्रॅम, म्हणजे १.६ टक्के. नुकतेच भरडलेले मिरे ३ ग्रॅम, सुके सेज २ ग्रॅम, चिमूटभर जायफळ, चवीला किंचित गूळ आणि दोन-तीन चमचे बर्फाचे पाणी. सेज मिळाले नाही तर त्याची नक्कल करत बसू नये, दुसऱ्या परंपरेकडे वळावे. दक्षिण आफ्रिकेतल्या 'बुरेव्होर्स'चा मुख्य मसाला भाजलेले धने आहे, सोबत लवंग, जायफळ आणि थोडे व्हिनेगर. हे सगळे आपल्या डब्यात असतेच.

कृतीत महत्त्वाची गोष्ट एकच : थंडपणा. मांस, चरबी आणि यंत्राचे पातेदेखील फ्रीजमध्ये गार करून घ्यावे. चरबी घट्ट असताना कापली तर तिचे दाणे मांसात वेगळे राहतात. ती हातात वितळली तर सगळीकडे माखते आणि तव्यावर पाण्यासारखी वाहून जाते. मीठ घालून मिश्रण दोन-तीन मिनिटे चांगले मळावे. मांसात मायोसिन नावाचे प्रथिन असते. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, खाऱ्या पाण्यात विरघळते. मळता मळता ते बाहेर येते आणि मिश्रण चिकट होते. तळहातावर गोळा घेऊन हात उलटा केला तरी तो पडत नसेल तर मिश्रण तयार झाले. तापल्यावर हेच प्रथिन जाळे धरते आणि त्यात पाणी व चरबी अडकून राहते. म्हणून पॅटीत अंडे, ब्रेड, बेसन असले काही घालावे लागत नाही. बांधण्याचे काम मिठाने केलेले असते.

मसाल्याची चव कच्च्या मिश्रणात कधीही पाहू नये. सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून चाखावा आणि मग कमी-जास्त करावे. मीठ पाण्यात विरघळते, तर मिरी, मिरची आणि सेज यांतला अर्क चरबीत उतरतो. त्यामुळे मीठ लगेच कळते, मसाला मात्र रात्रभर फ्रीजमध्ये मुरल्यावर पुढे येतो. आज थोडा कमी वाटणारा मसाला उद्या बरोबर होतो.

पॅटी बोटाएवढ्या जाडीची थापावी आणि मध्ये अंगठ्याने हलका खळगा करावा, म्हणजे भाजताना ती फुगून गोल होत नाही. मंद-मध्यम आचेवर भाजावी आणि आतले तापमान ७१ अंश सेल्सिअस होऊ द्यावे. कोंबडीची केली तर ७४. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून खिम्याचा कुठलाही पदार्थ आतून गुलाबी ठेवून चालत नाही. डुकराच्या मांसात कृमींची पुटी असू शकते, हे दुसरे कारण. कच्चे मिश्रण ४ अंशांच्या फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस ठेवावे, त्यापुढे डीप फ्रीझरमध्ये.

दोनच दिवस का, तर १.६ टक्के मीठ चवीला आणि चिकटपणाला पुरते, टिकवायला पुरत नाही.

मिऱ्यांचा परतीचा प्रवास

रोमन सॉसेजमधले मिरे मलबार किनाऱ्यावरून जात. त्या मिऱ्यांच्या शोधात पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्यासोबत सॉसेजही या किनाऱ्यावर आले. त्यांच्या 'शोरीसु'मध्ये डुकराचे मांस, मीठ, लसूण, वाइन आणि पुढे लाल मिरचीची पूड असे. थंड कोरड्या हवेत आणि धुरात ते वाळत असे. गोव्यात द्राक्षे नव्हती, थंडी नव्हती आणि वर्षातले चार महिने हवेत पाणीच पाणी. एका देशाची रीत जशीच्या तशी दुसऱ्या देशात आणली असती तर ती पहिल्याच पावसाळ्यात सडली असती.

गोव्याच्या स्वयंपाकघराने काय केले? वाइनच्या जागी माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर घातले. वाइनचा आंबटपणा सौम्य असतो, व्हिनेगरमध्ये अॅसेटिक आम्ल साधारण ४ टक्के किंवा अधिक असते. उष्ण हवेला हाच तिखट पर्याय हवा होता. 'विंदालू' या शब्दाचीही हीच गोष्ट आहे. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ 'वाइन आणि लसूण', पण गोव्यातल्या विंदालूत वाइनची जागा व्हिनेगरने घेतली आणि नाव तेच राहिले. मिरची पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणली होती. तिच्यासोबत आले, जिरे, हळद, मिरे, लवंग, दालचिनी हे इथले मसाले व्हिनेगरमध्ये वाटले गेले आणि 'शोरीसु'चे चोरीस झाले.

त्या काळात मीठही केवळ मीठ नव्हते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या 'द गोवा इन्क्विझिशन' या इंग्रजी ग्रंथात १७३६ चा एक हुकूमनामा दिला आहे. नवख्रिस्ती लोकांनी हिंदूंप्रमाणे मिठाविना भात शिजवू नये, शिजवतानाच मीठ घालावे, अशी त्यात आज्ञा आहे. भातात मीठ केव्हा पडते यावरून माणसाचा धर्म ओळखला जाई, त्या काळात घराच्या चुलीवर टांगलेल्या चोरीसच्या माळेचा अर्थ पोटापुरता नसणार. परंतु माणसे एखादा पदार्थ शेकडो वर्षे हुकमाने करत नाहीत. तो टिकला, कारण पावसाळ्यात मासेमारी थांबल्यावर त्याने घर चालवले.

पावसाआधीच्या या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु' या शब्दाचे ते रूप आहे. मे महिन्यात पुरुमेंताची फेस्ते भरतात. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, कांदे, व्हिनेगर, सगळे तिथे मिळते. रायगडच्या किनाऱ्यावर आपण ज्याला आगोटीची खरेदी म्हणतो, तीच ही. चोरीस या बेगमीतला मानाचा पदार्थ.

आतडे हे पाकीट नव्हे

चोरीसची घरगुती रीत घरागणिक थोडी बदलते, पण क्रम सारखा असतो. मांसाचा खिमा करत नाहीत, सुरीने लहान तुकडे करतात. त्यांना मीठ चोळून, वर वजन ठेवून दिवसभर दाबतात, म्हणजे पाणी सुटते. ते पाणी टाकून तुकडे उन्हात थोडे सुकवतात. मग व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला लावून काही दिवस मुरवतात. काही घरांत त्यात फेणी पडते, काही जुन्या पाककृतींत सोराही येतो. मुरलेले मांस धुतलेल्या आतड्यात ठासून भरतात, दोऱ्याने गाठी मारतात आणि माळा उन्हात व नंतर चुलीवरच्या धुरात टांगतात. अगदी लहान मण्यांच्या माळेला तर जपमाळेचेच नाव आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा आजही टांगलेल्या दिसतात.

यातली प्रत्येक पायरी एका कामाची आहे. मांस कापले, वाटले नाही, कारण तुकड्याच्या आतला भाग बराचसा निर्जंतुक असतो, आणि मीठ व आम्ल बाहेरून आत शिरते. दाबले आणि सुकवले ते पाणी घालवण्यासाठी. आतड्याचा उपयोग आकार देण्यासाठी आहे असे वाटते, पण ते मुख्यतः वाळवण्याचे साधन आहे. त्यातून बाष्प बाहेर जाते आणि आतले मांस माशी-धुळीपासून झाकलेले राहते. पॅटी टांगता येत नाही, म्हणून ती वाळवता येत नाही, म्हणून ती टिकवता येत नाही. आकार आणि आयुष्य यांचा असा संबंध आहे.

आता हिशेब. बोट्युलिझमचा जंतू क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू पाणी उकळूनही मरत नाहीत. हवा नसलेल्या, ओलसर, कमी आंबट आणि उबदार जागी ते जागे होतात आणि विष तयार करतात. आतड्यात ठासून भरलेले मांस म्हणजे नेमकी अशी जागा. त्याला रोखणाऱ्या मुख्य भिंती दोन : पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा खाली असणे, किंवा पदार्थातल्या पाण्यात मिठाचे प्रमाण सुमारे १० टक्के असणे. 'पाण्यात' हा शब्द महत्त्वाचा आहे. मांसाच्या वजनाशी नव्हे, त्यातल्या पाण्याशी मिठाचा हिशेब लावायचा असतो.

समजा मांस-चरबीच्या मिश्रणात सगळे धरून ६०० ग्रॅम पाणी आहे आणि मीठ ३० ग्रॅम घातले. ६३० ग्रॅम खाऱ्या पाण्यात ३० ग्रॅम मीठ, म्हणजे ४.८ टक्के. भिंतीच्या निम्म्यावरही नाही. आता माळ वाळली आणि ३५० ग्रॅम पाणी उडाले. मीठ उडत नाही. २८० ग्रॅम खाऱ्या पाण्यात तेच ३० ग्रॅम, म्हणजे १०.७ टक्के. भिंत पूर्ण झाली. पण पाणी १०० ग्रॅमच उडाले असेल, तर प्रमाण ५.७ टक्क्यांवर अडकते. बाहेरून दोन्ही माळा सारख्याच लाल, सारख्याच वासाच्या. आपल्या पॅटीचे १६ ग्रॅम मीठ याच हिशेबात घातले तर २.६ टक्के येते.

म्हणजे चोरीस मीठ टिकवत नाही, मसालाही टिकवत नाही. मीठ, आम्ल, ऊन आणि धूर मिळून टिकवतात, आणि त्यातले ऊन काढले तर बाकीच्यांचा हिशेब जुळत नाही. हा हिशेब म्हणजे परवाना नव्हे. मिठाला न जुमानणारे दुसरे जंतू आहेतच. कुठली भिंत कशाने उभी राहते एवढेच त्यातून समजते.

मसाल्याबद्दलचा एक गोड समज

आपल्याकडे असे मानतात की मिरची, लसूण, हळद घातली की पदार्थ टिकतो. १९९८ मध्ये जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन या अमेरिकी संशोधकांनी अनेक देशांच्या पाककृती तपासून असे मांडले, की उष्ण देशांत मसाले जास्त वापरतात ते जंतूंपासून बचाव म्हणून. हा सिद्धान्त फार लोकप्रिय झाला. २०२१ मध्ये लिंडेल ब्रोमॅम आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या सामग्रीवर तो पुन्हा तपासला, तेव्हा त्याला फारसा आधार सापडला नाही. काही मसाल्यांचे अर्क प्रयोगशाळेत जंतूंना मारतात हे खरे, पण स्वयंपाकात आपण घालतो तेवढ्या मात्रेवर मांसाचा भार टाकता येत नाही. मिरची चोरीसला रंग देते, लसूण वास देतो. पहारा दुसरेच देतात.

कवी आणि विष

हा पहारा उठला की काय होते, ते सर्वांत आधी नीट लिहून ठेवणारा माणूस कवी होता. युस्टिनुस केर्नर हा जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचा डॉक्टर. त्याच्या कवितांना रोबर्ट शूमानने १८४० मध्ये चाली लावल्या. नेपोलियनच्या युद्धांनंतर त्या प्रांतात गरिबी आली होती आणि सॉसेज खाऊन माणसे मरत होती. मरण्यापूर्वी त्यांचे तोंड कोरडे पडे, पापण्या मिटत, एकाचे दोन दिसे, गिळता येत नसे, शेवटी श्वास थांबे. शुद्ध मात्र अखेरपर्यंत राहे. केर्नरने १८२० मध्ये अशा ७६ रोग्यांची आणि १८२२ मध्ये १५५ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. नासलेल्या सॉसेजमधून त्याने अर्क काढला, प्राण्यांना दिला आणि थेंबभर स्वतःही चाखला. हे विष हवा नसलेल्या जागी तयार होते, ते मज्जातंतूंचा संदेश थांबवते, आणि अत्यल्प मात्रेत ते औषध म्हणूनही उपयोगी पडू शकेल, हे त्याने तेव्हाच लिहिले. या विषामागचा जंतू मात्र अजून कोणाला माहीत नव्हता.

तो सापडला १८९५ मध्ये. बेल्जियममधल्या एलेझेल गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडमधल्या वादकांनी खारवलेला हॅम खाल्ला आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून जंतू वेगळा काढला. आज सुरकुत्या घालवण्यासाठी जे 'बोटॉक्स' टोचतात, ते त्याच विषाचे अतिसौम्य रूप. केर्नरचे भाकीत असे खरे झाले.

युरोपने यावर जो उपाय वापरला, त्याचे मूळ सोऱ्यात होते. मांसात सोरा मुरला की त्याचे नायट्राइट होते, ते या जंतूला रोखते आणि मांसाला गुलाबी रंग देते. आजचे कारखाने नायट्राइट थेट, काटेकोर मोजून वापरतात, कारण जास्त झाले तर तेच विषारी आहे. घरात अंदाजाने वापरण्याची ती वस्तू नव्हे. शिवाय २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या गटात असणे म्हणजे पुरावा पक्का असणे. सर्व पदार्थांचा धोका सारखाच मोठा, असा त्याचा अर्थ नाही. तरी चोरीस रोजच्या ताटातला नव्हे, बेगमीतला पदार्थ होता, हे लक्षात ठेवणे बरे.

उन्हाशिवायची माळ

आता आजच्या स्वयंपाकघराकडे वळू. सुरा काढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत, अस्सल माडाचे व्हिनेगर महाग आहे. त्याऐवजी पातळ केलेले कृत्रिम आम्ल वापरले जाते. त्याची चव निराळी, पण पहाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न चवीचा नसून तीव्रतेचा आहे. बाटलीवर टक्केवारी असते, ती वाचावी आणि व्हिनेगरमध्ये पाणी घालू नये. अवकाळी पावसाने वाळवणाचे दिवस बेभरवशाचे झाले आहेत. गिऱ्हाइकाला मऊ, कमी खारट माल हवा असतो. पाणी उडाले की वजन घटते, आणि विकणाऱ्याला वजनाचे पैसे मिळतात. म्हणून माळ लवकर उतरते. असा माल फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवला तर काही बिघडत नाही. पण 'चोरीस आहे, टिकते' म्हणून तो ओट्यावर महिनाभर टांगला, तर आपण आजीच्या माळेचा भरवसा भलत्याच माळेवर टाकत असतो. लाल रंग त्यावर पांघरूण घालतो.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे चोरीसच्या मसाल्याची पॅटी. बाजारातून खिमा आणायचा, त्यात व्हिनेगरमध्ये वाटलेला तयार मसाला घालायचा, थापायची, भाजायची, पावात घालून खायची. हा चांगला पदार्थ आहे. मीही करतो. मिठाचा अंदाज त्यात वर सांगितल्याप्रमाणेच ठेवतो आणि मसाला आंबट असल्याने मिश्रण फार वेळ ठेवत नाही, कारण आम्लाने खिम्याची प्रथिने आवळतात आणि पकड सुटते. पण त्या पॅटीला चोरीसची फक्त चव असते, आयुष्य नसते. ती ताज्या मासळीसारखी वागवायची.

हे जाणणाऱ्या बायकांनी हा हिशेब आकड्यांत कधी लिहिला नाही. मीठ 'दोन मुठी', ऊन 'तीन दिवस', आणि झाले की नाही ते माळ दाबून कळायचे. मूठ माणसागणिक बदलते, ऊन वर्षागणिक बदलते, पण दाबणारे बोट या दोन्हींची दुरुस्ती करत असे. ते बोट पुढच्या पिढीला देता येत नाही. आकडा देता येतो. म्हणून ज्या घरात अजून कोणी चोरीस, खारे मासे किंवा साधे लोणचेही मुठीने करते, तिथे माझी एकच विनंती असते : त्यांच्या मुठीखाली एकदा वजनकाटा ठेवा, माळ टांगताना आणि उतरवताना तिचे वजन करा, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पाच मिनिटांचे काम आहे. त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत त्या बोटाचे बरेचसे ज्ञान उतरते.